हळद दिसली, कुंकू दिसेना: छोटा बायनो की मोठा?

निवृत्त_खातेदार | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

जूनमध्ये बँकेतून निवृत्त झालो. सकाळी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर फिरायला जातो आणि उतारवयात हे पक्ष्यांचं खूळ लागलंय. निवृत्तीची भेट म्हणून मुलीनं पुण्याहून बायनॉक्युलर पाठवलं, १०×२५. मुठीत मावतं, शर्टाच्या खिशात जातं. गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर बसलेली घार बघितली आणि खूश झालो. घारीच्या चोचीचा बाकसुद्धा दिसत होता.

परवा मात्र फजिती झाली. सकाळचे साडेसहा, तलावावर धुकं. बाभळीत काहीतरी चिमुकलं टुणटुण उड्या मारत होतं. बायनो डोळ्याला लावला तर आधी एक काळी चंद्रकोर, मग करडा ठिपका, मग नुसती बाभळ. शेजारी एक अनोळखी ताई उभ्या होत्या, गळ्यात ८×४२. माझी धडपड बघून म्हणाल्या, "घ्या काका, यातनं बघा." अहो, त्या एवढ्याशा जिवाच्या डोळ्यावरची फिकट भुवई दिसली! पर्णवटवट्या होता म्हणे. पक्षी तोच, झाड तेच, माणूस तोच.

आता प्रश्न. मोठा बायनो घ्यावा का? वय ६०, चष्मा आहे, त्यात मानेचं जुनं दुखणं. डॉक्टरांनी गळ्यात काही अडकवू नका असं बजावलंय. शिवाय दोष माझ्या डोळ्यांचाच असेल तर पैसे पाण्यात. आणि मुलीला काय सांगू, हाही प्रश्न आहेच.

---

दाजीपूरचा_गवा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३२

काका, स्वागत हाय. पक्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी धागा काढलासा, नाद खुळा!

माझं सरळ मत. पंचवीसवालं म्हणजे खेळणं. मी स्वतः दोन वर्षं ८×२५ घेऊन राधानगरी-दाजीपूर पालथं घातलंय. तिथल्या सदाहरित रानात भर दुपारी बारालासुद्धा तुमच्या कळंब्याच्या साडेसहाएवढाच उजेड असतोय. ओढ्यावर मलबार शीळकरी कस्तूर बसलेला, मला आपला काळा पक्षी दिसतोय. दोस्ताच्या बेचाळीसमधनं बघितलं तर खांद्यावर निळाभोर चमकदार तुकडा! दोन वर्षं मी त्याला काळाच समजत होतो मर्दा.

मोठा घ्या, डोळे झाकून घ्या. (म्हणजे उघडे ठेवून.)

---

शिंजीर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

गव्याशी अजिबात सहमत नाही.

मी नर्स आहे. माझा ८×२५ ॲप्रनच्या खिशात असतो. ड्यूटी संपवून बाहेर पडताना आवारातल्या उंबरावर हरियलांचा थवा उतरलेला मी बघितलाय, तो या 'खेळण्यातून'. पायांचा पिवळा रंग, खांद्यावरची जांभळट छटा, सगळं. माझ्याकडे मोठाही आहे बरं का. तो कपाटात आहे. गेल्या पावसाळ्यापासून किती वेळा बाहेर काढला ते विचारू नका.

काका, मान दुखत असेल तर मोठा बायनो पहिले आठ दिवस गळ्यात, नंतर खुंटीवर. हे मी पेशंटच्या वॉकरबद्दलही सांगते.

---

भौतिक_मास्तर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४८

दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांची घड्याळं वेगळी आहेत.

काका, तुमच्या बायनोवर १०×२५ लिहिलंय. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. बायनो हातभर लांब धरला की आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, उजेडाचा जो गोल ठिपका दिसतो त्याचा हा व्यास, एक्झिट प्युपिल म्हणतात त्याला. तुमच्यात तो २.५ मिमी, शिंजीरताईंच्या ८×२५ मध्ये ३.१, आणि ८×४२ मध्ये ५.२५.

आता आपल्या डोळ्याची बाहुली बघा. कडक उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरवर येते. म्हणजे दुपारी हरियल बघताना ४२ च्या त्या सव्वापाच मिलिमीटरमधला निम्म्याहून जास्त उजेड बाहुलीच्या बाहेरच सांडतो. म्हणून ताईंना फरक जाणवत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली पसरते. तुमच्या वयाला साडेसहाच्या धुक्यात ती ४ मिमी झाली असं धरू. ८×४२ ती पूर्ण भरतो, तुमचा अडीचच देतो. क्षेत्रफळ काढलं तर ४ चा वर्ग १६, अडीचचा सव्वासहा. म्हणजे अडीच पटीहून थोडा जास्त उजेड त्या ताईंच्या यंत्रातून तुमच्या डोळ्यात गेला.

काळी चंद्रकोरही त्याचीच. अडीच मिलिमीटरच्या ठिपक्यावर बाहुली नेमकी आणून ठेवावी लागते, जरा हललात की कडेनं अंधार. सव्वापाचमध्ये डोळा इकडेतिकडे झाला तरी खपतो. आणि तुमचं यंत्र दहापट आहे, म्हणजे हाताची थरथरही दहापट. त्यात ते हलकं. जड वस्तू हातात जास्त स्थिर राहते हे वाण्याचा काटा धरणाऱ्याला विचारा.

सारांश, डोळे ठीक आहेत.

---

निवृत्त_खातेदार | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मास्तर, एवढं सोपं करून तर आम्हाला शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं. आत्ताच बायनो लांब धरून बघितला. खरंच ठिपका दिसतो! ज्वारीच्या दाण्याहून लहान.

मग ५० मिमी भिंगवाला का घेऊ नये? ७×५० पण मिळतो म्हणे.

---

भौतिक_मास्तर | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

७×५० चा ठिपका ७.१ मिमी. एवढी बाहुली तरुणपणी, तीही काळोखात उघडते. वय वाढतं तशी ती तेवढी उघडत नाही. आपण दोघंही आता त्या बाहेरच्या उजेडाचं वजन नुसतं वागवणार. जहाजावर ठीक आहे ते.

---

कळंबेकर | १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, त्या अनोळखी ताई म्हणजे मी. 😄

एक गोष्ट तेव्हाच सांगायची होती, पण पहिल्याच भेटीत मोठ्या माणसाला शिकवायला बरं वाटेना. तुम्ही चष्मा लावून बघत होता आणि आयपीसच्या रबरी वाट्या पूर्ण वर होत्या. त्या वाट्या बिनचष्म्याच्या लोकांसाठी. चष्मेवाल्यानं त्या खाली दाबायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या, नाहीतर डोळा भिंगापासून लांब राहतो आणि नळीतून बघितल्यासारखं होतं. तुमच्या करड्या ठिपक्यातला थोडा वाटा त्या वाट्यांचा आहे.

दुसरं. उजव्या आयपीसवर एक बारीक फिरणारी कडी असते, डायॉप्टर म्हणतात. उजवा डोळा मिटा, डाव्यानं लांबची पाटी बघत मधलं चाक फिरवून स्पष्ट करा. मग डावा मिटा, आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त ती कडी फिरवा. एकदा जमली की तिथं नेलपेंटचा ठिपका द्या. तुमचा दोन बिजागऱ्यांचा घडीचा बायनो असेल तर दर वेळी उघडताना दोन्ही नळ्यांमधलं अंतर नव्यानं जुळवावं लागतं. पक्षी तोवर आर. के. नगरला पोचतो. मोठ्यात एकच बिजागरी, एकदा बसवली की बसली.

आणि नवा घेताना चष्मेवाल्यांनी बघायचा आकडा म्हणजे आय रिलीफ, डोळा आयपीसपासून किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. १५ मिमीच्या खाली असेल तर घेऊच नका. स्वस्त पॉकेटवाल्यांत तो बहुतेक वेळा कमीच असतो.

---

शिंजीर | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०२

बघा! अर्धा दोष वाट्यांचा निघाला. मी म्हटलं नव्हतं?

(ताईंनी सांगितलेलं डायॉप्टरचं मला चार वर्षांत माहीत नव्हतं. आत्ता स्टाफरूममध्ये बसून जुळवलं. समोरच्या इमारतीवरच्या कबुतराच्या मानेचा हिरवा-जांभळा रंग असा कधी दिसला नव्हता.)

---

ऊस_आणि_उंबर | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

मोठी लेन्स घेतली की जास्त मोठा परिसर दिसतो, त्यामुळे उडणारा पक्षी पटकन सापडतो. हा मुद्दा कुणी मांडला नाही.

---

भौतिक_मास्तर | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५५

कारण तो तसा नाही. दृश्याची रुंदी आयपीसच्या रचनेवर आणि किती पट त्यावर ठरते, पुढच्या भिंगाच्या व्यासावर नाही. चांगला ८×३२ एखाद्या साध्या ८×४२ पेक्षा रुंद दाखवू शकतो. पेटीवर १००० मीटरवर किती मीटर दिसतं ते छापलेलं असतं. १२५ च्या पुढे असेल तर उत्तम. पॉकेट आकारात आयपीसही बारीक करावी लागते, म्हणून तिथं हा आकडा बहुधा कमी येतो, एवढं मात्र खरं.

तसंच ८×२५ आणि ८×४२ मध्ये पक्षी सारखाच मोठा दिसतो. आठपट म्हणजे आठपट.

---

ऊस_आणि_उंबर | १३ नोव्हेंबर, रात्री ८:१०

बरं बाबा. चूक कबूल. एका यात्रेत '६०×६०' लिहिलेला, लालभडक काचांचा बायनो आठशेला घेतलेला माणूस आहे मी. माझ्याकडून काय अपेक्षा करता.

---

गगनगिरी_मास्तरीण | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गगनबावड्याकडून लिहितेय. तुमचं उजेडाचं गणित चालू द्या, पण आमच्याकडं बायनोचा खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर घरात मीठसुद्धा पाणी सोडतं. माझं पहिलं यंत्र, छोटंच होतं, दुसऱ्या पावसाळ्यात आतून बुरशीनं भरलं. भिंगावर कोळ्याचं जाळं विणल्यासारखे तंतू. दुरुस्तीवाला म्हणाला, खोलण्यापेक्षा नवं घ्या.

त्यामुळं आकार कुठलाही घ्या, आत नायट्रोजन भरलेला आणि वॉटरप्रूफ असा घ्या. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल तर ते रिमझिमीपुरतं. घरी आल्यावर कातडी पाऊचमध्ये कोंबू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मी चकलीचा डबा वापरते. आणि कुणीही, कृपा करून, पदरानं किंवा शर्टाच्या टोकानं भिंग पुसू नका. आधी फुंकर नाही, ब्लोअरनं धूळ उडवा, मग मऊ कापड.

---

दाजीपूरचा_गवा | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

चकलीचा डबा 😂 वाचनखूण साठवली.

काका, बजेट सांगा की. दहा-पंधरा हजारांच्या पट्ट्यात निकॉन, सेलेस्ट्रॉन असे बरे मोठे मिळतात. पेटीवर बाक-४ प्रिझम (आतल्या प्रिझमची चांगली काच) आणि 'फुली मल्टिकोटेड' (सगळ्या काचांवर उजेड वाचवणारे थर) एवढं बघा. पैसे कमी असतील तर जुन्या ढंगाचा, खांदे बाहेर आलेला पोरो प्रिझमवाला घ्या. दिसाय ओबडधोबड, पण त्याच पैशात चित्र उजळ. सरळ नळीच्या रूफ प्रिझमवाल्यात चित्र रेखीव राहायला प्रिझमवर फेज कोटिंग लागतंय, त्याचे पैसे जातात.

पॉकेटमध्ये उलटा कारभार. खरंच चांगला पॉकेट हवा असेल तर साध्या बेचाळीसपेक्षा जास्त मोजावे लागतात. लहान वस्तू नीट करायला जास्त अवघड, सोनाराला विचारा.

---

कळंबेकर | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

काका, इथं चर्चा करून कुणाचं समाधान होणार नाही. रविवारी सकाळी सव्वासहाला कळंब्यावर या. माझा ८×४२ आणते. भावाचा ८×३२ पण आणते. तुमचा १०×२५ आणा. शिंजीरताई, तुम्हीही या. मास्तर, गणित घरी ठेवून या.

---

निवृत्त_खातेदार | रविवार, सकाळी ११:३५

आत्ताच घरी आलो. मिसळ खाऊन हात धुतले आणि लिहायला बसलो.

सव्वासहाला आम्ही पाचजण काठावर. गवाभाऊ बुलेटवरून आले, पक्षी त्यांच्या आधीच उडाले असावेत. अंधुक होतं, पण पाण्यावर काळ्या आकृत्या तरंगताना दिसत होत्या. कळंबेकरताई म्हणाल्या, बदकं आहेत, हळदी-कुंकू. चोच काळी, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचं बोट. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली? कुठल्या यंत्रातून हळद आधी दिसते आणि कुंकू कधी, ते घड्याळ लावून बघायचं ठरलं.

६:२५ ला ८×४२ मधून हळद दिसली. माझ्यातून नुसतं बदकाच्या आकाराचं काळं. ८×३२ मधून मला हळद दिसली असं वाटलं, गवाभाऊंना दिसली नाही, शिंजीरताईंना दिसली. ६:३० ला ३२ मधून सगळ्यांना दिसली. माझ्या १०×२५ मधून ती ६:४० च्या आसपास आली.

कुंकवानं मात्र सगळ्यांना रडवलं. ४२ मधून पिवळं लख्ख दिसत असूनही लाल ठिपका काळाच. मास्तर म्हणाले, अंधुक उजेडात डोळा लाल रंगच आधी हरवतो, यंत्राचा दोष नाही. पावणेसातच्या सुमारास सूर्य वर आला, आणि मग ४२ आणि ३२ मधून जवळपास एकाच वेळी कुंकू उमटलं. माझ्यातून सात वाजता. पण एक सांगतो, सव्वासातला, ऊन पडल्यावर, माझ्या छोट्यातून ते कुंकू सगळ्यांत मोठं दिसलं. दहापट ना! वाट्या खाली दाबल्यावर चंद्रकोरही बरीच पळाली. शिंजीरताईंनी माझ्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.

मग वजनाचा विषय निघाला. मिसळीनंतर शेजारच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर तिन्ही ठेवले, पट्ट्यांसकट. ४२: ६८० ग्रॅम. ३२: ४९०. माझा: ३१०. मावशी म्हणाल्या, "कितीला किलो?"

४२ मी वीस मिनिटं गळ्यात घालून फिरलो. पंधराव्या मिनिटाला मानेनं आठवण करून दिली. ३२ अर्धा तास घातला, काही बोलली नाही.

---

भौतिक_मास्तर | रविवार, दुपारी १२:१०

गणित घरी ठेवून आलो होतो, आता काढतो. ८×३२ चा ठिपका ४ मिमी. मी मागं तुमची बाहुली ४ मिमी धरली होती. म्हणजे तुमच्या डोळ्याला ३२ आणि ४२ यांत उजेडाचा फारसा फरक पडायला नको, आणि पडलाही नाही. गवाभाऊ पंचविशीतले, त्यांची बाहुली अजून मोठी उघडते, म्हणून ४२ मधून त्यांना ३२ पेक्षा पाच मिनिटं आधी दिसलं. ४२ चा फायदा घ्यायला तरुण डोळे लागतात, आणि बाजारात तरुणांना सगळे कंपॅक्ट विकतात. असो.

---

दाजीपूरचा_गवा | रविवार, दुपारी १२:३०

मास्तर, म्हणजे माझं बेचाळीस मी साठीत विकायचं काय?

तरी माझं म्हणणं कायम. कळंबा म्हणजे मोकळं पाणी. दाजीपूरच्या झाडीत पाच मिनिटं पण मोलाची. काका राधानगरीला आलासा तर माझं बेचाळीस तुमच्या हातात देतो, मग बोला.

---

शिंजीर | रविवार, दुपारी १:०५

३२ घेतलात तरी छोटा टाकू नका काका. मोठा घरी विसरायचा, छोटा विसरताच येत नाही. बाजारात भाजी घेताना डोक्यावरून शिक्रा जातो तेव्हा कुठला बायनो चांगला? जो पिशवीत आहे तो.

---

गगनगिरी_मास्तरीण | रविवार, दुपारी ३:४०

मानेसाठी हार्नेस बघा. शाळेच्या दप्तरासारखे दोन पट्टे, पाठीवर फुली. वजन मानेवरून खांद्यांवर जातं. सुरुवातीला ट्रॅफिक पोलिसासारखं दिसतं, मग सवय होते.

---

ऊस_आणि_उंबर | रविवार, संध्याकाळी ६:२०

पुढच्या रविवारी मला पण बोलवा. माझा ६०×६० पण लावू परीक्षेला. हळद न दिसो, मिसळ तरी मिळेल.

---

निवृत्त_खातेदार | ३ डिसेंबर, रात्री ८:४५

मंडळी, अपडेट. ८×३२ घेतला, आय रिलीफ १६ मिमी, वॉटरप्रूफ, हार्नेससकट. दुकानात तास घातला. दुकानदार सारखा १०× पुढं करत होता, "साहेब जास्त जवळ दिसतं." मी सांगितलं, आधी दाराबाहेर जाऊन पाटी वाचू द्या. हात स्थिर धरून आठपटीतून पाटीवरचा फोन नंबर सलग वाचला, दहापटीत शेवटचे दोन आकडे नाचत होते. मग काही बोलला नाही.

आज सकाळी ६:३५ ला बाभळीत पुन्हा पर्णवटवट्या. भुवई दिसली, माझ्या स्वतःच्या यंत्रातून.

मुलीला सगळं खरं सांगितलं. ती हसली, म्हणाली, "मग तो छोटा परत पाठवा." तर ते आता शक्य नाही. दिवाळीला आलेला नातू इथंच आहे, त्यानं तो ताब्यात घेतलाय. त्याला पक्ष्यांत काडीचा रस नाही. बायनो उलटा धरून, आयपीस गुळाच्या ढेपेला जवळजवळ टेकवून मुंग्या बघत बसतो. मी आधी ओरडलो, मग त्यानं मलाही दाखवलं. मुंगीच्या मिशा हो, भल्या थोरल्या!

---

भौतिक_मास्तर | ३ डिसेंबर, रात्री ९:०२

हे बरोबर आहे. उलटा धरला की आयपीस भिंगासारखी काम करते. फक्त गुळाचा चिकटा काचेला लागू देऊ नका.

---

शिंजीर | ३ डिसेंबर, रात्री ९:०६

बघा, छोटाच कामाला आला.